महागाईचा घरगुती हिशेब

राज्याच्या अंदाजपत्रकावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, सभागृहांत दिवसचे दिवस चर्चा चालते आणि त्यातील तूट भरून काढण्याचे नाना उपाय तज्ज्ञ मंडळी सुचवितात. परंतु ज्या अंदाजपत्रकात तूट दाखविण्याची सोयच नाही, जे कोणत्याही सभागृहापुढे मांडले जात नाही आणि ज्याची तोंडमिळवणी काही झाले तरी महिनाअखेर करावीच लागते, त्या संसाराच्या अंदाजपत्रकाचा विचार आपल्याकडे फार थोडा होतो. ते बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यात तयार होते, तिथेच मंजूर होते आणि त्यात करावी लागलेली काटछाटही तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही.

अन्नधान्याचे भाव वाढले म्हणजे घरचा खर्च वाढतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते आणि ती वरवर पाहता बरोबरही वाटते. तथापि एखाद्या काटेकोर गृहिणीची हिशेबाची वही महागाईच्या दिवसांत चाळून पाहिली, तर वाण्याच्या यादीची बेरीज पुष्कळदा मागील महिन्याइतकीच असल्याचे दिसून येते. बदललेले असतात ते यादीतले जिन्नस आणि त्यांची वजने. ज्याची मिळकत ठरलेली आहे त्याला खर्च वाढविण्याची मुभाच नसते. सबब वाढलेला भाव तो पैशाने फार थोडा चुकता करतो आणि पुष्कळसा ताटातल्या पदार्थांनी, मुलांच्या वह्यापुस्तकांनी, लांबणीवर टाकलेल्या औषधोपचारांनी व न झालेल्या शिलकीने चुकता करतो. महागाईने कुटुंबाचे नुकसान किती झाले हे जाणून घ्यावयाचे असेल तर किती रुपये जास्त गेले एवढेच विचारून भागत नाही. त्या घरातून कोणती गोष्ट नाहीशी झाली, हेही विचारावे लागते.

ताटाचा वाटा

एकूण खर्चात अन्नाचा हिस्सा किती, हे कुटुंबाच्या सांपत्तिक स्थितीचे विश्वसनीय गमक होय, ही गोष्ट प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली ती एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने. सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचा प्रमुख असलेल्या या गृहस्थाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासून १८५७ साली असा सिद्धान्त प्रतिपादन केला की, मिळकत जसजशी वाढते तसतसा अन्नावरील खर्च रुपयांत वाढला तरी एकूण खर्चातील त्याचे प्रमाण घटत जाते. आपल्याकडे मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावरच जात असल्याचे आढळून आले होते. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याची मीमांसा केली तीही अन्नापासूनच आरंभ करून: माणशी रोज २,२५० कॅलरी मिळण्याइतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घेता येते, ती पातळी त्यांनी १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी ठरविली.

आजची स्थिती काय आहे? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरीने ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये होता, व त्यातील अन्नाचा हिस्सा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात जवळजवळ ४० टक्के होता. २०११-१२ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ५३ आणि ४३ टक्क्यांच्या घरात होते, म्हणजे मधल्या काळात परिस्थिती सुधारली, हे निर्विवाद आहे. त्याहूनही लक्षणीय बदल झाला तो अन्नाच्या अंतर्गत विभागणीत. या शतकाच्या उंबरठ्यावर ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी २२ टक्क्यांच्या आसपास रक्कम केवळ गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या तृणधान्यांवर जात असे. आता ती ५ टक्क्यांवर आली आहे आणि तिची जागा दूध, भाजीपाला, फळे, अंडी-मांस आणि तयार खाद्यपदार्थांनी घेतली आहे. पोट भरण्याची विवंचना बहुसंख्य घरांतून कमी झाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु यामुळेच महागाईचा घाव बसण्याची जागाही बदलली. पूर्वी लोक ज्वारीच्या भावाने हवालदिल होत, आता ते तूरडाळ, तेल, टोमॅटो आणि दुधाच्या भावाने होतात. आणि या जिनसांचे भाव धान्यापेक्षा कितीतरी अधिक चंचल असतात.

सरासरीच्या या आकड्यांआड दोन घरांतली तफावत मात्र झाकली जाते. समजा, एका कुटुंबाचा मासिक खर्च १५,००० रुपये आहे आणि त्यातील निम्मे, म्हणजे ७,५०० रुपये, अन्नावर जातात. दुसऱ्या कुटुंबाचा खर्च ६०,००० रुपये असून त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे १५,००० रुपये, अन्नावर जातात. अन्नाचे भाव १२ टक्क्यांनी चढले आणि दोन्ही घरांनी पूर्वीइतकेच खायचे ठरविले, तर पहिल्या घराला ९०० रुपये आणि दुसऱ्या घराला १,८०० रुपये जादा मोजावे लागतील. रुपयांत पाहिले तर श्रीमंत घरावर दुप्पट बोजा पडला. पण हे ९०० रुपये पहिल्या घराला उरलेल्या ७,५०० रुपयांतून, म्हणजे घरभाडे, वीज, शाळा, प्रवास आणि दवाखाना या सर्वांच्या तरतुदीतून, काढावयाचे आहेत आणि तिथे ती १२ टक्क्यांची कपात ठरते, तर दुसऱ्या घराला ४५,००० रुपयांतून केवळ ४ टक्के काढावे लागतात. घरभाडे कमी करता येत नाही, विजेचे बिल थांबत नाही. यास्तव पहिल्या घरात कात्री लागते ती शाळेला, औषधाला, नाहीतर परत ताटालाच.

निर्देशांकाचे मर्म

महागाई मोजण्यासाठी सरकार जो ग्राहक किंमत निर्देशांक वापरते, त्यात ठराविक वस्तू व सेवांची एक टोपली कल्पून प्रत्येकीला तिच्या खर्चातील महत्त्वानुसार भार दिलेला असतो. २०१२ हे आधारवर्ष धरून रचलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचा भार एकंदरीत ४५.८६ टक्के होता. ग्रामीण निर्देशांकात तो ५४.१८ आणि शहरी निर्देशांकात ३६.२९ टक्के होता. म्हणजे एकच भाववाढ खेड्यात आणि शहरात सारखी लागत नाही, हे खुद्द निर्देशांकाच्या रचनेतच मान्य केलेले आहे. मग शेतमजुराच्या घरी ती आणखी जास्त लागत असली पाहिजे, हे सांगण्यास वेगळे गणित नको.

निर्देशांकाविषयी वाचकांचा आणखी एक गोंधळ होतो. महागाईचा दर उतरला, असे वृत्त येते आणि बाजारात तर काहीच स्वस्त झालेले दिसत नाही. तेव्हा सरकारी आकडे खोटे असावेत, असा ग्रह होतो. वस्तुतः हा दर मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो, आणि तो उतरणे याचा अर्थ भाव वाढण्याची गती मंदावणे एवढाच असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाल्याचे भाव आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते सुमारे साडेसत्तावीस टक्क्यांनी खाली आले. त्या महिन्यात एकंदर महागाईचा दर अवघा पाव टक्का नोंदला गेला. भाजीचे हे दोन आकडे एकत्र वाचले म्हणजे उलगडा होतो. जी भाजी २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळत होती, ती २०२४ मध्ये १४२ रुपयांवर गेली आणि २०२५ मध्ये १०३ रुपयांवर परतली. एवढ्या मोठ्या घसरणीनंतरही ती दोन वर्षांपूर्वीच्या पातळीवरच आली. आणि मधल्या वर्षात एखाद्या कुटुंबाने जी उसनवारी केली, ती भाव उतरल्याने आपोआप फिटत नाही.

भाव चढतो कसा

भाववाढीची कारणे पाहू लागलो तर महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. कांद्याची तीन पिके येतात: खरीप, त्यामागून येणारा रांगडा आणि उन्हाळ. यांपैकी टिकाऊ असा उन्हाळ कांदाच चाळीत साठवला जातो आणि एप्रिल-मेपासून नवा खरीप माल येईपर्यंत देशाला तोच पुरवावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस वा गारपीट झाली तर चाळीत गेलेला माल सडू लागतो, आणि पुढे सप्टेंबरात परतीच्या पावसाने खरिपाचे पीक लांबले तर ऐन सणासुदीला लासलगावच्या बाजारात आवक रोडावते. मग सरकार शहरी ग्राहकाच्या चिंतेने निर्यातीवर शुल्क बसविते वा बंदी घालते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी, हा त्याचा अलीकडचा दाखला. त्यायोगे शहरात भाव उतरतात, नाशिक-अहिल्यानगरच्या उत्पादकाचे कंबरडे मोडते, आणि हात पोळलेला शेतकरी पुढील हंगामी लागवड आखडती घेतो. त्यातूनच नव्या तेजीचे बीज पडते.

टोमॅटोची कथा याहून उतावळी आहे, कारण तो चाळीत ठेवता येत नाही. भाव पडले की काही आठवड्यांत लागवड घटते आणि दोन-तीन महिन्यांनी टंचाई भासते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव आदल्या वर्षाच्या तिपटीवर गेले, अन्नाच्या महागाईचा दर साडेअकरा टक्क्यांवर चढला, आणि नारायणगावच्या बाजारात काही शेतकऱ्यांच्या हाती खरोखरच चांगले पैसे आले. परंतु असे भाग्य विरळा. टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांसाठी ग्राहक जो रुपया मोजतो त्यातील सुमारे एक-तृतीयांशच शेतकऱ्यापर्यंत पोचतो, असा निष्कर्ष रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निघालेला आहे. उरलेली रक्कम वाहतूक, हमाली, आडत, नासाडी आणि दोन-तीन हातांचा नफा यांत वाटली जाते. यास्तव ग्राहकाचा तोटा तो शेतकऱ्याचा नफा, असे सरसकट समजण्याचे कारण नाही. किंबहुना अल्पभूधारक शेतकरी सुगीत धान्य विकून पावसाळ्यात तेच चढ्या भावाने विकत घेतो, म्हणून तोही बऱ्याच अंशी ग्राहकच असतो.

खाद्यतेलाचा मामला आणखी निराळा. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल आयात होते. त्यामुळे २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू होताच सूर्यफुलाचे तेल आणि इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबविताच पामतेल, ही दोन्ही आपल्या खेडोपाडीच्या दुकानांतही कडाडली. याच सुमारास सर्वसाधारण महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर मे २०२२ पासून नऊ महिन्यांत ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. व्याजाचा दर वाढवून शेतात टोमॅटो उगवत नाहीत, हे बँकेलाही ठाऊक असते. पण अन्नाची महागाई इतर वस्तूंत आणि मजुरीत झिरपू नये म्हणून तिला तसे करावे लागते. ज्या मध्यमवर्गीयाने घरासाठी कर्ज काढले आहे, त्याच्या वाट्याला मग तीच महागाई दोनदा येते: एकदा मंडईत आणि दुसऱ्यांदा बँकेच्या हप्त्यात.

काटछाटीचा क्रम

भाव चढू लागल्याची पहिली खूण भाजीवालीच्या पाटीवर दिसते. एरवी दोन भाज्या घेतल्या की ती आपण होऊन मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या पिशवीत टाकते; महागाईत तो हात आखडतो आणि मागितले तर "आज कोथिंबीर परवडत नाही, ताई" असे उत्तर मिळते. भाव सांगण्याची रीतही पालटते. जी टोमॅटो किलोच्या भावाने सांगत होती, ती आता "तीस रुपये पाव" म्हणू लागते, कारण १२० हा आकडा उच्चारला की गिऱ्हाईक पुढे सरकते, हे तिला अनुभवाने माहीत असते. उपाहारगृहात मिसळीवर कांद्याच्या जोडीला कोबी येतो आणि जादा कांद्याचे पैसे पडू लागतात.

घरात जी काटछाट होते तिलाही एक ठरलेला क्रम असतो. प्रथम प्रत उतरते: आंबेमोहोराच्या जागी कोलम येतो, शेंगदाण्याच्या तेलाच्या जागी सोयाबीनचे आणि मग पामतेल, तुरीच्या जागी मसूर. या पायरीवर पोटाचे फारसे बिघडत नाही. जिभेला थोडी तोशीस पडते इतकेच. दुसऱ्या पायरीवर प्रमाण घटते: आमटी पातळ होते, दुधाची एक पिशवी बंद होऊन चहा कोरा होतो, फळे उपासापुरती येतात आणि अंडी रविवारवर जातात. तिसऱ्या पायरीवर अन्नाबाहेरच्या गोष्टी मागे पडतात: चष्म्याचा नंबर तपासणे राहते, दाताचे दुखणे लवंगेवर भागवले जाते, शाळेच्या सहलीचे पैसे "पुढच्या वर्षी" भरू म्हणून मुलाची समजूत काढली जाते, विम्याचा हप्ता चुकतो. चौथी पायरी उधारीची, आणि तिथे कुटुंब एकदा आले म्हणजे मग व्याज हा एक नवा कायमचा खर्च यादीत दाखल होतो.

वाण्याच्या दुकानात महिन्याच्या पाच तारखेला आणि पंचवीस तारखेला उभे राहून पाहिले तर हा क्रम डोळ्यांसमोर घडताना दिसतो. पाच तारखेला पाच लिटरचा तेलाचा डबा आणि दहा किलोची गव्हाची गोणी जाते; पंचवीस तारखेला रोजंदारीवरून परतणारी बाई पावशेर डाळ, छोटी तेलाची पिशवी, पाच रुपयांची चहापूड आणि मुलाच्या हाती देण्यासाठी एक बिस्किटपुडा घेते. या किरकोळ खरेदीत तिला किलोमागे व लिटरमागे डबा नेणाऱ्यापेक्षा जास्त भाव पडतो. जवळ रोख पैसा नसल्यामुळे स्वस्ताईचा लाभ घेता येत नाही आणि लाभ न घेतल्यामुळे रोख पैसा उरत नाही, हे गरिबीचे चक्र तराजूच्या काट्यावर स्पष्ट दिसते. तो बिस्किटपुडाही फसवा असतो: त्यावरची किंमत तीच राहते आणि आतले वजन मुकाट्याने घटते, त्यामुळे झालेली भाववाढ मुलाला कळत नाही व आईला कळून उपयोग नसतो.

या सर्व काटछाटीत घरातल्या माणसांवर पडणारा भार समान नसतो. कमावत्या पुरुषाच्या ताटाला सहसा धक्का लावला जात नाही, मुलांना शक्यतो कमी पडू दिले जात नाही, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजीचा रस्सा व उरलेली भाकरी येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. याचे कारण केवळ महागाई नव्हे, हे खरे. परंतु डाळ, पालेभाजी, अंडी आणि फळे हेच जिन्नस महागाईत सर्वांत आधी कमी होतात आणि ते बाईच्याच ताटातून आधी कमी होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे भाववाढीचा काही भाग स्त्रिया आपल्या शरीराने भरत आल्या आहेत, असे म्हणणे भाग पडते.

बेगमीचा लोप

एके काळी मध्यम स्थितीतल्या मराठी घरांनी महागाईशी सामना करण्याची एक उत्तम तजवीज करून ठेवली होती, ती म्हणजे वर्षाची बेगमी. सुगीनंतर, मार्च ते मे या काळात, गहू, ज्वारी, तांदूळ, तुरीची डाळ, चिंच, लाल मिरची, हळद असे जिन्नस भाव पडलेले असताना एकदम खरेदी होत; गव्हाला एरंडेल चोळले जाई, ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला पडे, आणि पापड-कुरडया-सांडग्यांचे डबे भरले की पावसाळ्यात भाजीचे भाव कितीही चढोत, घरात कोरड्यासाला काहीतरी असे. आज ज्याला भाव-जोखमीपासून संरक्षण म्हणतात ते त्या काळच्या आजीबाईंनी माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांत साधले होते.

ही पद्धत मोडली, त्याला कारणेही तशीच आहेत. दोन खोल्यांच्या सदनिकेत धान्याच्या कोठ्या मावत नाहीत, निवडणे-पाखडणे करण्यास नोकरदार स्त्रीला सवड नसते, आणि एकरकमी वीस-पंचवीस हजार रुपये एप्रिल महिन्यात मोकळे असणे हे पगारदारालाही सोपे राहिलेले नाही. परिणाम असा की, आता बहुतेक घरे आठवड्याच्या हिशेबाने खरेदी करतात आणि बाजारातील प्रत्येक चढउतार थेट त्यांच्या दारात येतो. कोठ्या परत आणा, असा उपदेश करण्यात हशील नाही. परंतु गृहनिर्माण संस्थेतील दहा-पंधरा घरांनी मिळून सुगीच्या दिवसांत शेतकरी गटाकडून डाळ आणि तांदूळ एकत्र घेणे, हे आजही अनेक ठिकाणी घडते आणि ते दोन्ही पक्षांच्या फायद्याचे ठरते.

सरकारचा हात

महागाईच्या काळात सरकारने हस्तक्षेप करावा, ही अपेक्षा नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि शिधापत्रिका हा शहरी संसाराचा अविभाज्य दस्तऐवज बनला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन महाराष्ट्राने दिवस काढले. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरुद्ध एकवटल्या आणि हजारो गृहिणी हाती लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. घराच्या अंदाजपत्रकावर जाहीर चर्चा घडविण्याचा तो आपल्याकडचा बहुधा सर्वांत मोठा प्रसंग होय.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीस दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. तृणधान्यावरील खर्चाचा हिस्सा इतका उतरला, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे, आणि तिची टवाळी करणाऱ्यांनी एकदा रोजंदारीवाल्या घराचा हिशेब मांडून पाहावा. परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती गहू-तांदूळ देते आणि महागाई आता डाळ, तेल, भाजी व दूध या वाटांनी येते. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल यांचा 'आनंदाचा शिधा' दिला, तेव्हा दिशा योग्य होती. पण सणाचा शिधा सणापुरता असतो, आणि मुलाला डाळ वर्षाचे बारा महिने लागते. धान्य थोडे कमी देऊन त्याऐवजी एक-दोन किलो डाळ आणि लिटरभर तेल नियमाने देता येईल काय, याचा विचार शासनाने करणे आवश्यक आहे.

उरतो प्रश्न मिळकतीचा. सरकारी व संघटित क्षेत्रातील नोकरांना महागाईभत्ता मिळतो. केंद्र सरकार तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून लागू होईल असा, औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाशी जोडून वाढविते. भाव वाढले तर काही महिन्यांनी का होईना, वेतनही वाढणार, ही हमी त्या घरांना असते आणि म्हणूनच त्यांच्या काटछाटीचा क्रम पहिल्या-दुसऱ्या पायरीवर थांबतो. देशातील बहुसंख्य श्रमिकांना, म्हणजे बांधकामावरचा गवंडी, दुकानातला मदतनीस, रिक्षाचालक आणि धुणीभांडी करणारी बाई यांना, असा भत्ता बहुधा मिळत नाही. त्यांची मजुरी वाढते ती मालकाच्या मनात आले म्हणजे, आणि तोवर वाढलेला भाव ते आपल्या ताटातून भरतात.

सरकारी धोरण बदलणे तुमच्या-माझ्या हाती नाही, पण दोन गोष्टी आहेत. घरात काटछाट करावीच लागली तर डाळ, दूध आणि पालेभाजी यांना सर्वांत शेवटी हात लावावा, आणि ती काटछाट सर्वांच्या ताटांत सारखी वाटली जाते की एकाच ताटात साचते, हे घरातल्या पुरुषांनी एकदा डोळे उघडून पाहावे. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. ज्यांना महागाईभत्ता मिळतो त्यांनी तो वाढल्याचे परिपत्रक हाती पडेल त्याच महिन्यापासून आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईचा पगार निदान तेवढ्याच टक्क्यांनी, तिने मागण्याची वाट न पाहता, वाढवावा. कारण मंडईतला भाव दोघांना एकच आहे.